अल्प-कर्बोदक आहार

अल्प-कर्बोदक आहार ही रोजच्या जेवणातील कर्बोदकांचे, म्हणजे साखर व पिष्टमय पदार्थांचे, प्रमाण हेतुपुरस्सर कमी करून त्यांच्या जागी प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि पिष्ट कमी असलेल्या भाज्या घेण्याची आहारपद्धती आहे. बोलण्यात तिला ‘लो-कार्ब डाएट’ म्हणतात. तिच्या सर्वांत कडक प्रकाराला ‘कीटो’ हे नाव रूढ झाले आहे. वजन घटवणे हा तिच्यामागील नेहमीचा हेतू असतो. टाइप २ मधुमेहात रक्तशर्करा आटोक्यात ठेवण्यासाठीही तिचा वापर होतो. पहिल्या काही महिन्यांत या आहाराने वजन उतरते, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वर्ष-दोन वर्षांनंतर मात्र इतर समतोल आहारांच्या तुलनेत तिचा अधिकचा फायदा सरासरीने किलोभराच्या आसपासच राहतो.

भारतात या विषयाला निराळे महत्त्व आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या राष्ट्रीय पाहणीनुसार येथील जेवणातील एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्यामुळे पाश्चात्त्य देशांत ‘मध्यम’ समजले जाणारे प्रमाणही येथील घरांत मोठी कपात ठरते.

व्याख्या

‘अल्प’ म्हणजे नेमके किती, याची सर्वमान्य व्याख्या नाही. बहुतेक वैद्यकीय लेखनात दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी, अथवा एकूण ऊर्जेच्या २६ टक्क्यांपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला अल्प-कर्बोदक म्हटले जाते. दिवसाला २० ते ५० ग्रॅम इतकेच प्रमाण असेल तर तो अत्यल्प-कर्बोदक किंवा कीटोजनी आहार होतो. १३० ग्रॅम हा आकडा मेंदूला दिवसभरात लागणाऱ्या ग्लुकोजच्या अंदाजावरून आलेला आहे. ती सुरक्षिततेची सीमारेषा नव्हे. गरज पडल्यास यकृत प्रथिनांपासून व मेदातील ग्लिसरॉलपासून ग्लुकोज तयार करू शकते. काही संशोधक ऊर्जेच्या ४० ते ४५ टक्के कर्बोदके असलेल्या आहारालाही याच नावाने संबोधतात. त्यामुळे ‘लो-कार्ब’विषयीच्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, तेव्हा पुष्कळदा त्या दोहोंत तपासलेला आहारच वेगळा असतो.

एक ग्रॅम कर्बोदकांतून वा प्रथिनांतून सुमारे ४ कॅलरी आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून सुमारे ९ कॅलरी ऊर्जा मिळते. या हिशेबाने दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या आणि त्यांतील ६२ टक्के कर्बोदकांतून मिळवणाऱ्या व्यक्तीच्या पोटात रोज ३१० ग्रॅम कर्बोदके जातात. १३० ग्रॅमच्या मर्यादेत यायचे तर त्यांपैकी निम्म्याहून अधिक कमी करावी लागतात.

इतिहास

स्थूल व्यक्तीने काय खावे आणि काय टाळावे याचा विचार फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ या २१व्या अध्यायात अतिस्थूलतेची लक्षणे व उपचार आले असून जव, मूग, कुळीथ अशी रूक्ष धान्ये-कडधान्ये त्यात सुचवली आहेत. हल्ली काही ठिकाणी या अध्यायाचा दाखला लो-कार्ब आहाराचा पुरावा म्हणून दिला जातो. तो ओढूनताणून लावलेला अर्थ आहे, कारण जव आणि कडधान्ये हे दोन्ही कर्बोदकांचेच स्रोत होत. युरोपात फ्रेंच न्यायाधीश व खाद्यरसिक झाँ आंतेल्म ब्रिया-सावारँ यांनी १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्थूलतेचे खापर पीठ व पिष्टमय पदार्थांवर फोडले होते.

या आहाराला लोकप्रियता मिळाली ती मात्र विल्यम बँटिंग (१७९६–१८७८) या लंडनच्या गृहस्थामुळे. बँटिंग अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठित पेढीचा मालक होता. राजघराण्यातील अंत्ययात्रांचे काम या पेढीकडे असे. उंची ५ फूट ५ इंच आणि वयाच्या पासष्टीत वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाची नाडी बांधण्यासाठी त्याला वाकता येत नसे आणि जिना उतरताना तो उलट्या पावलांनी उतरत असे. वजन घटवण्यासाठी त्याने नाव वल्हवली, पण तिने भूकच वाढली. वाफेची स्नाने झाली, खनिज पाण्याच्या ठिकाणी जाऊन राहणे झाले, औषधेही झाली. अखेर कानाला कमी ऐकू येऊ लागल्याने १८६२ साली तो विल्यम हार्वी या कर्णतज्ज्ञाकडे गेला. हार्वीने पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार यांची यकृत व साखर यांच्या संबंधावरील व्याख्याने ऐकली होती. त्याने बँटिंगला पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडायला सांगितले. मांस, मासे, भाज्या, थोडी फळे आणि थोडी द्राक्षमदिरा यांना मुभा होती. सुमारे वर्षभरात त्याचे वजन ४६ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ २१ किलोंनी उतरले.

१८६३ मध्ये बँटिंगने हा अनुभव एका पुस्तिकेत मांडला. तिच्या पहिल्या आवृत्त्या त्याने स्वखर्चाने छापून फुकट वाटल्या. वैद्यकीय व्यवसायातील अनेकांनी त्याची टर उडवली, तरी पुस्तिकेच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि त्याच्या आडनावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत ‘बान्ता’ हे क्रियापद आजही वजन घटवण्यासाठी पथ्य करणे या अर्थाने वापरले जाते. बँटिंग ८१ वर्षे जगला.

त्याच सुमारास मधुमेहाच्या उपचारातही कर्बोदकांवर नियंत्रण ठेवले जात असे. स्कॉटिश लष्करी वैद्य जॉन रोलो यांनी १७९७ सालीच मधुमेही रुग्णांसाठी मांसप्रधान आहाराचा पुरस्कार केला होता. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागेपर्यंत कर्बोदके तोडणे हाच मधुमेहावरील प्रमुख उपाय होता. त्याच वर्षी अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी ‘कीटोजनी आहार’ ही संज्ञा वापरली. औषधांना दाद न देणाऱ्या बालकांच्या अपस्मारात हा आहार वैद्यकीय देखरेखीखाली आजही दिला जातो. आज वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘कीटो’चे नाव तेथूनच आले आहे.

१९२८ साली ध्रुवप्रदेशाचे संशोधक विल्यालमर स्तेफान्सन व त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या निरीक्षणाखाली वर्षभर केवळ मांसावर राहण्याचा प्रयोग केला. सुरुवातीला स्तेफान्सन यांना मुद्दाम चरबी नसलेले मांस दिले असता ते आजारी पडले आणि चरबी वाढवताच बरे झाले. कर्बोदके कमी केल्यावर ऊर्जा अन्य कोठून तरी मिळावीच लागते, केवळ प्रथिनांवर शरीर चालत नाही, हे या घटनेने स्पष्ट झाले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हृदयविकाराचे मूळ संपृक्त मेदात शोधले जाऊ लागले आणि पाश्चात्त्य सरकारी मार्गदर्शनाचा रोख मेद कमी करण्याकडे वळला. या प्रवाहाविरुद्ध न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांनी १९७२ मध्ये आपले आहारविषयक पुस्तक काढले. सुरुवातीला अगदी थोडी कर्बोदके, त्यानंतर हळूहळू वाढ, आणि मांस, अंडी, लोणी यांवर बंधन नाही, असे त्याचे स्वरूप होते. पुस्तक प्रचंड खपले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९७३ मध्ये त्यावर कठोर टीका केली. २००२ ते २००४ या काळात ॲटकिन्स आहाराची दुसरी लाट आली. एप्रिल २००३ मध्ये बर्फावरून घसरून डोक्याला झालेल्या दुखापतीने ॲटकिन्स यांचे निधन झाले आणि २००५ मध्ये त्यांच्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. दक्षिण आफ्रिकेत क्रीडाविज्ञानाचे प्राध्यापक टिम नोक्स यांनी २०१३ नंतर हाच आहार ‘बँटिंग’ या जुन्या नावाने पुन्हा लोकप्रिय केला.

शरीरातील प्रक्रिया

जेवणातील कर्बोदकांचे पचन होऊन ग्लुकोज रक्तात येते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन ते पेशींत पोहोचवते आणि उरलेल्याचा काही भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठवला जातो. प्रौढ व्यक्तीच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. कर्बोदके एकदम कमी केली की हा साठा दोन-तीन दिवसांत बराचसा रिता होतो आणि त्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते. इन्सुलिनची पातळी खाली आल्याने मूत्रपिंडेही अधिक सोडियम व पाणी बाहेर टाकतात. पहिल्याच आठवड्यात वजनकाट्यावर दीड-दोन किलोंचा फरक दिसतो तो मुख्यतः यामुळे. ती चरबी नव्हे. या आहाराची कीर्ती ज्या झटपट निकालांवर उभी आहे, त्यांतील पहिला हप्ता पाण्याचा असतो, ही गोष्ट जाहिरातींत सहसा आढळत नाही.

कर्बोदके दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली राहिली तर काही दिवसांत यकृत मेदाम्लांपासून कीटोन तयार करू लागते आणि मेंदूसह अनेक अवयव त्यांचा इंधन म्हणून वापर करतात. या अवस्थेला कीटोसिस म्हणतात. श्वासाला येणारा विशिष्ट वास कीटोनांपैकी ॲसिटोनचा असतो. कीटोसिस आणि मधुमेहातील प्राणघातक कीटोॲसिडोसिस यांत गल्लत होऊ नये: पहिल्यात कीटोनांची पातळी मर्यादित राहते, कारण शरीरात इन्सुलिन असते, दुसऱ्यात इन्सुलिनच्या अभावी ती कित्येक पटींनी वाढून रक्त आम्लधर्मी होते.

वजन का उतरते यावर दोन मते आहेत. एका मतानुसार इन्सुलिन कमी झाल्याने मेदपेशींतील चरबी मोकळी होते आणि शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो. दुसऱ्या मतानुसार प्रथिनांमुळे पोट अधिक काळ भरलेले वाटते, बिस्किटे, फरसाण, मिठाई, शीतपेये असे सहज हाती येणारे पदार्थ आपोआप सुटतात, आणि माणूस न मोजताही कमी खातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेल्या प्रयोगांनी पहिल्या मताला फारसा आधार दिलेला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात २० व्यक्तींना दोन आठवडे वनस्पतिजन्य अल्प-मेद आहार आणि दोन आठवडे प्राणिजन्य कीटोजनी आहार मनसोक्त खायला दिला होता. अल्प-मेद आहार घेताना या व्यक्तींनी दिवसाला सरासरी ६८९ कॅलरी कमी घेतल्या, आणि तरीही रक्तशर्करा व इन्सुलिन कीटोजनी आहारातच खाली राहिले. म्हणजे इन्सुलिन कमी आहे एवढ्यावरून चरबी अधिक घटेलच असे नाही.

वजनावरील परिणामांचे संशोधन

२००३ मध्ये अमेरिकेत ६३ स्थूल व्यक्तींवर झालेल्या चाचणीत ॲटकिन्स आहार घेणाऱ्यांचे वजन सहा महिन्यांनी नेहमीच्या अल्प-मेद आहाराच्या गटापेक्षा लक्षणीयरीत्या अधिक घटले होते. बारा महिन्यांनी दोन्ही गटांतील फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या उरला नाही, आणि तोवर दोन्ही गटांतील पुष्कळ जण चाचणीतून बाहेर पडले होते. हे चित्र पुढे पुन्हा पुन्हा दिसले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या एका चाचणीत ८११ व्यक्तींना ३५ ते ६५ टक्क्यांपर्यंत वेगवेगळी कर्बोदके असलेले चार आहार दिले होते. चारही गटांचे वजन जवळजवळ सारखेच घटले.

याला अपवाद म्हणून इस्रायलमधील डिमोना येथे झालेली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सांगितली जाते. तेथे ३२२ जणांचा दोन वर्षे पाठपुरावा करण्यात आला. अल्प-मेद गटात सरासरी २.९ किलो, भूमध्यसागरी आहाराच्या गटात ४.४ किलो आणि अल्प-कर्बोदक गटात ४.७ किलो वजन घटले. या चाचणीत सहभागी झालेले बहुतेक जण एकाच कामाच्या ठिकाणचे होते आणि दुपारचे जेवण त्यांना तेथील उपाहारगृहात गटानुसार खुणा केलेले मिळत असे. दोन वर्षांनंतरही सुमारे ८५ टक्के लोक टिकून राहिले, याचे श्रेय या सोयीला द्यावे लागेल.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्टोफर गार्डनर यांच्या २०१८ च्या चाचणीत ६०९ व्यक्तींना वर्षभर आरोग्यदायी अल्प-मेद अथवा आरोग्यदायी अल्प-कर्बोदक आहार देण्यात आला. दोन्ही गटांना मैदा, साखर व प्रक्रिया केलेले पदार्थ टाळून भाज्या वाढवायला सांगितले होते. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्या गटाचे ६.० किलो वजन घटले. हा फरक अर्थपूर्ण नव्हता. कोणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांवरून वा इन्सुलिनच्या स्रावावरून आधी सांगता येईल, ही अपेक्षाही फोल ठरली. प्रत्येक गटातील व्यक्तिव्यक्तींमधला फरक मात्र फार मोठा होता: काहींचे वजन वीस किलोंहून अधिक उतरले, तर काहींचे वाढले.

२०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत ६१ चाचण्या व ६,९२५ व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. अल्प-कर्बोदक व समतोल-कर्बोदक आहारांतील फरक अल्पावधीत आणि एक-दोन वर्षांच्या अवधीतही सुमारे एक किलोचाच आढळला. टाइप २ मधुमेह असलेल्या व नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या व्यक्तींत हेच दिसले.

रक्तशर्करेची गोष्ट काहीशी वेगळी आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालाने टाइप २ मधुमेहात एकूण कर्बोदके कमी करणे हा रक्तशर्करा सुधारण्याचा सर्वाधिक पुरावा असलेला आहारोपाय मानला, मात्र सर्वांसाठी एकच प्रमाण ठरवून दिले नाही.

महाराष्ट्रातील आहार

मराठी घरातील साध्या जेवणाचा हिशेब केला तर या आहारातील अडचण लगेच लक्षात येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार दर १०० ग्रॅममागे ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम, बाजरीत ६२ ग्रॅम, नाचणीत ६७ ग्रॅम, गव्हाच्या पिठात ६४ ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळात ७८ ग्रॅम कर्बोदके असतात. पन्नास ग्रॅम पिठाची एक याप्रमाणे ज्वारीच्या दोन भाकरी, ५० ग्रॅम तांदळाचा भात आणि २५ ग्रॅम तूरडाळीचे वरण एवढ्यातच सुमारे १२० ग्रॅम कर्बोदके येतात. म्हणजे दिवसाची १३० ग्रॅमची मर्यादा एका जेवणातच जवळजवळ संपते. दोन चमचे साखरेच्या चहाचे सुमारे १० ग्रॅम प्रत्येक कपामागे वेगळे. कीटोची ५० ग्रॅमची मर्यादा तर दोन भाकरींतच ओलांडली जाते.

‘पोळी-भात सोडून भाकरी खाल्ली की लो-कार्ब झाले’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे. भरड धान्यांत तंतुमय पदार्थ व खनिजे तांदळापेक्षा जास्त असतात आणि तेवढा त्यांचा फायदा आहेच, पण कर्बोदकांच्या एकूण प्रमाणात ती गव्हाच्या आसपासच राहतात. इंडियाब पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतही हेच दिसते: एकूण कर्बोदके कमी न करता केवळ तांदूळ वा मैद्याच्या जागी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेण्याचा मधुमेहाच्या वा पोटाच्या स्थूलतेच्या कमी जोखमीशी संबंध आढळला नाही. कर्बोदकांतून येणाऱ्या ऊर्जेचा थोडा भाग डाळी-कडधान्ये व दूधदुभते यांतील प्रथिनांकडे वळवल्यास मात्र जोखीम कमी असल्याचे दिसले.

उपवासाचा फराळ हा दुसरा गैरसमज. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. बटाटा, रताळे आणि वरीचे तांदूळ हेही पिष्टमय. एकादशीच्या फराळात धान्य वर्ज्य असले तरी कर्बोदके नेहमीच्या जेवणापेक्षा जास्तच भरण्याचा संभव असतो. त्यातल्या त्यात दाण्याचे कूट, ओले खोबरे, दही व ताक यांत ती कमी असतात.

शाकाहारी व्यक्तीसाठी आणखी एक पेच आहे. तिचा प्रथिनांचा मुख्य आधार डाळी व कडधान्ये आहेत, आणि त्या प्रथिनांबरोबर कर्बोदकेही येतात: १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तशी ५५ ग्रॅम कर्बोदकेही. त्यामुळे कडक कीटो पाळणाऱ्या शाकाहारी व्यक्तीकडे पनीर, दही, शेंगदाणे, तीळ, खोबरे, सुकामेवा आणि सोयाबीनचे पदार्थ एवढेच उरते. किनारपट्टीवरील मत्स्याहारी घरांना हे तुलनेने सोपे जाते, कारण बांगडा, सुरमई, बोंबील अशा माशांत कर्बोदके नसतात. अडचण असते ती माशाच्या कालवणाबरोबरच्या भाताची. अंडी हा दोन्हींमधला स्वस्त मार्ग आहे.

खर्चाचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. पनीर, सुकामेवा किंवा मासे शिधापत्रिकेवर मिळत नाहीत. सर्वांत स्वस्त पोटभरीचे अन्न धान्यच असताना ते निम्म्याने कमी करणे सर्वांना सारखे शक्य नसते. शिवाय एकाच स्वयंपाकघरातून सर्व घराचे जेवण होत असल्याने एकाच्या पथ्याचा वेगळा स्वयंपाक करण्याचे ओझे बहुधा घरातील स्त्रीवर पडते. पथ्य स्त्रीचे स्वतःचे असेल तर ते सर्वांत आधी सुटते.

कडक मर्यादा व नेहमीचे ताट यांच्या मधला मार्ग भारतीय संस्थांनी सुचवला आहे. इंडियाबच्या १८,०९० प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासाने मधुमेह टाळण्यासाठी व मागे हटवण्यासाठी कर्बोदके ऊर्जेच्या साधारण ५० ते ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास नेण्याचा पर्याय मांडला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही तृणधान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे; प्रत्यक्षात ती ५० ते ७० टक्के असते. तांत्रिक अर्थाने हे अल्प-कर्बोदक आहार नव्हेत. व्यवहारात त्यांचा अर्थ तीनऐवजी दोन पोळ्या, भाताचा मूद लहान आणि उसळ, दही वा अंडे अधिक, असा होतो.

महाराष्ट्रात बहुचर्चित ठरलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत अनेकदा अल्प-कर्बोदक आहारात गणली जाते, पण ती वेगळी आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेल्या या पद्धतीचा भर दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्यावर आहे. कर्बोदकांचे ग्रॅम त्यात मोजले जात नाहीत. दोहोंमागील इन्सुलिनविषयीचा युक्तिवाद सारखा असल्याने ही सरमिसळ झाली असावी. याउलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी भात, तूप व स्थानिक धान्ये न सोडण्याचा आग्रह धरला आहे.

भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनकाट्यावर विसंबणेही पुरेसे नसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांतील ‘कृश पण मेदयुक्त’ शरीररचनेकडे लक्ष वेधले. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची व एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली: दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के मेद. अशा शरीरात आधीच कमी असलेले स्नायू घटवून वजन उतरवणे तोट्याचे ठरते. म्हणून कर्बोदके कमी करताना प्रथिने व स्नायूंचा व्यायाम यांकडे दुर्लक्ष झाल्यास काट्यावरचा आकडा खाली येऊनही फारसे साध्य होत नाही.

धोके आणि निषेध

सर्वांत गंभीर धोका मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना त्यांची मात्रा न बदलता कर्बोदके एकदम कमी केली तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधांबरोबर कडक कीटो केल्यास रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. ग्लुकोमीटरवरील आकडा ठीक दिसल्याने तो ओळखण्यास उशीर होतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी व धाप ही त्याची लक्षणे आहेत. रक्तदाबाच्या औषधांची मात्राही पाणी व सोडियम कमी झाल्याने बदलावी लागू शकते. या कारणांमुळे औषधे घेणाऱ्या व्यक्तीने आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेणे आवश्यक मानले जाते.

टाइप १ मधुमेह, गर्भारपण, स्तनपान, मूत्रपिंडाचा विकार, मेदाम्लांच्या चयापचयातील जन्मजात दोष आणि आहारविषयक मानसिक विकार यांत कडक प्रकार टाळला जातो.

निरोगी व्यक्तींत पहिल्या आठवड्यात डोकेदुखी, थकवा, चक्कर, पायांत गोळे येणे असा त्रास होतो. त्याला ‘कीटो फ्लू’ म्हणतात आणि पाणी व क्षार कमी होणे हे त्याचे एक कारण आहे. धान्याबरोबर तंतुमय पदार्थ सुटल्याने बद्धकोष्ठता होते. रक्तातील ट्रायग्लिसराइड बहुधा कमी होतात आणि एचडीएल वाढते, पण काही व्यक्तींत एलडीएल कोलेस्टेरॉल बरेच वाढते. तूप, लोणी, साय व खोबरेल यांवर भर दिल्यास त्याची शक्यता अधिक असते.

दीर्घकालीन परिणामांविषयीचा पुरावा निरीक्षणात्मक आहे. अमेरिकेतील १५,४२८ प्रौढांच्या सुमारे २५ वर्षांच्या पाठपुराव्यावर आधारित २०१८ च्या अभ्यासात ऊर्जेच्या ५० ते ५५ टक्के कर्बोदके घेणाऱ्यांत मृत्युदर सर्वांत कमी आढळला. ४० टक्क्यांहून कमी आणि ७० टक्क्यांहून अधिक, अशा दोन्ही टोकांना तो जास्त होता. कर्बोदकांच्या जागी प्राणिजन्य मेद व प्रथिने घेणाऱ्यांत तो वाढलेला, तर वनस्पतिजन्य घेणाऱ्यांत कमी दिसला. अशा अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

आहार थांबवल्यावर

कर्बोदके पुन्हा सुरू केल्यावर ग्लायकोजेनचा साठा भरतो व त्याबरोबर पाणीही परत येते. त्यामुळे दोन-चार दिवसांत एक ते दोन किलो वजन वाढते. सणावाराला दोन दिवस पुरणपोळी-भात खाल्ल्यावर दिसणारी ही वाढ चरबीची नसते. पण ‘सगळे फुकट गेले’ या समजुतीने पथ्य कायमचे सोडण्याचे ते वारंवार आढळणारे निमित्त आहे. चरबीची खरी वाढ त्यानंतरच्या महिन्यांत, खाण्याचे एकूण प्रमाण पूर्ववत झाल्यास होते, आणि ती कोणत्याही आहारानंतर होऊ शकते. कीटोनंतर कर्बोदके एकदम न वाढवता दर आठवड्याला थोडी वाढवत नेणे, ही ॲटकिन्स यांच्या मूळ योजनेतील पायरी आजही वापरली जाते. मधुमेहाची औषधे आहारामुळे कमी केलेली असल्यास या काळात रक्तशर्करा पुन्हा नियमित तपासावी लागते.